बेसच्या मुलुखात मिक्सिंग

औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाची जुनी परंपरा आहे. भजन म्हणणारे एका जागी बसत नाहीत, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर गात गात गोल फिरतात. हे भजन रेकॉर्ड करायचं काम तुमच्याकडे आलं, तर माईक ठेवाल कुठे?

रिंगणाबाहेर, श्रोत्यांच्या बाजूला एक उभा केला, तर गाणारा जवळ आला की त्याचा आवाज अंगावर येतो आणि पलीकडे गेला की विरून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. एका मीटरवरचा गायक चार मीटरवर गेला की बारा डेसिबल गेले, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी टाळ माईकच्या तोंडाशी आलेला असतो. रिंगणाच्या मधोमध ठेवावा, तर अंतर सगळ्यांचं सारखं होतं, पण गाण्याचा नेहमीचा माईक समोरचंच ऐकतो, पाठीमागचं त्याला जवळपास ऐकू येत नाही. चहूबाजूंचं ऐकणारा माईक आणावा, तर भजनासोबत मंडपातले पंखे आणि लहान पोरांची रडारडही येते. मुख्य गायकाच्या गळ्यापाशी कॉलर माईक लावला तर शब्द लख्ख मिळतात, मात्र फिरणं गायब होतं. खोलीत बसून कुणी एकटाच गातोय असं वाटायला लागतं.

जाणता माणूस दोन्ही करेल. मुख्य गायकाला कॉलर माईक, मृदंगाला एक, आणि रिंगणाच्या मध्ये डावं-उजवं वेगवेगळं टिपणारी माईकची जोडी. नंतर शांतपणे बसून ठरवेल की शब्द किती जवळचे वाटावेत आणि रिंगण किती फिरलेलं कळावं. या ठरवण्यालाच मिक्सिंग म्हणतात. नांदेड-लातूरच्या पोरांनी या कामात उतरावं का, उतरलं तर काय शिकावं आणि पैसा कुठून येईल, हे सांगायचं तर सुरुवात या ठरवण्यापासूनच करावी लागते. यंत्रांची यादी नंतर.

मुंबईत रेकॉर्डिस्ट वेगळा, एडिटर वेगळा, मिक्सिंग इंजिनिअर वेगळा आणि शेवटचा हात फिरवणारा मास्टरिंगवाला आणखी वेगळा. आपल्या जिल्ह्यांत हे सगळं एकच माणूस करतो आणि लोक त्याला स्टुडिओवाला म्हणतात. मंडपात उभा असेल तर साऊंडवाला. ही काही कमीपणाची गोष्ट नाही, उलट पहिल्या चार-पाच वर्षांत असं सगळं अंगावर घेतलेलंच बरं. फक्त कुठलं काम चाललंय याचं भान हवं. रेकॉर्डिंगमध्ये गेलेला शब्द मिक्सिंगमध्ये परत येत नाही.

आता वारकरी कीर्तन घेऊ. माझं मत असं की ज्याला कीर्तन नीट मिक्स करता आलं, त्याला फिल्मी गाणं फारसं जड जाणार नाही. पुरुष कीर्तनकाराच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास असतो, अभंग वरच्या पट्टीत गेला की तो ३००-४००च्या पुढे चढतो. पण शब्द कळतात ते या मूळ स्वरामुळे नव्हे. च, ट, स, श ही व्यंजनं कानाला ओळखू येतात ती मुख्यतः २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. नेमक्या त्याच पट्ट्यात मागच्या टाळकऱ्यांचे टाळ झणझणत असतात. पेटी गायकाच्याच सप्तकात वाजते आणि त्याच्या स्वरावर चढून बसते. मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमारा तळाशी, १०० हर्ट्झच्या जवळपास. म्हणजे प्रत्येकजण कुणाच्या तरी जागेत घुसलेला असतो, आणि सगळ्यांत जास्त गळचेपी होते ती ज्याच्यासाठी माणसं थंडीत रात्री दहापर्यंत बसली आहेत त्याच्या शब्दांची.

अशा वेळी नवखा पोरगा कीर्तनकाराच्या आवाजाची खुंटी वर सरकवतो. मग शिट्टी बसते. शिट्टी घालवायला तो आवाज खाली आणतो, लोक मागून ओरडतात, तो पुन्हा वर नेतो. जाणता साऊंडवाला आधी टाळकऱ्यांना दोन पावलं मागे सरकवतो आणि कीर्तनकाराचा माईक असा लावतो की त्याचं तोंड थेट टाळांकडे येणार नाही. मग आवाजातला ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापतो, कारण तिथे शब्द नसतात, फुंकर आणि पायांचे धक्के असतात. पेटीचा दोन-तीन हजार हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवतो. पेटी कमी झाल्याचं कुणाला कळत नाही, पण शब्द अचानक पुढे येतात. कीर्तनकाराच्या आवाजाची खुंटी अजून तिथेच आहे.

कीर्तनकार कुजबुजतो आणि पुढच्याच क्षणी गर्जतो. या चढउतारासाठी कॉम्प्रेसर असतो. आवाजाने ठरवलेली पातळी ओलांडली की तो आपोआप हात आखडता घेतो. चारास एक असं प्रमाण ठेवलं, तर पातळीच्या वर चार डेसिबल गेलेला आवाज एकच डेसिबल वर गेल्यासारखा बाहेर पडतो. नीट लावला तर कुजबूजही मागच्या रांगेत पोचते. जास्त लावला तर गर्जनेतला प्राण जातो.

आणि मग इको. ‘इको वाढवा जरा’ ही फर्माईश ऐकली नसेल असा साऊंडवाला मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. बोलताना माणूस सेकंदाला साधारण पाच-सहा अक्षरं उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला दोनशे मिलिसेकंदांच्या आत-बाहेर वेळ मिळतो. तीनशे मिलिसेकंदांचा इको लावला की प्रत्येक अक्षराची सावली पुढच्या अक्षरावर पडते. गाण्याच्या लांब सुरावर ते भरदार वाटतं, निरूपणावर मात्र चिखल होतो. अभंग चालू असेल तेव्हा इको आणि निरूपण सुरू झालं की बंद, एवढं एक बटण वेळेवर दाबणाऱ्याला महाराज पुढच्या सप्ताहालाही बोलावतात.

इथून अवघड विषयाकडे येतो. आपल्याकडे ज्या आवाजाला पैसा मिळतो तो मोठा आवाज. गणपती, जयंती, वरात, आमदारांचं स्वागत, सगळीकडे बेसची भिंत उभी राहते. या डीजेवाल्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. जनरेटरच्या कुठल्या फेजवर किती अॅम्प्लिफायर टाकायचे, बेस आणि टॉप कुठल्या फ्रीक्वेन्सीला वेगळे करायचे, आठ बेस एकत्र ठेवले की समोर काय होतं आणि बाजूला काय, हे त्यांना हाताने माहीत असतं. अभियांत्रिकीच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना एवढं येत नाही. पण मिरवणुकीचा आवाज आणि गाण्याचा आवाज ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याची सवय दुसऱ्याला मारक ठरते.

कायद्याची बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बेसच्या एका भिंतीपुढे हे आकडे कुठल्या कुठे राहतात. त्यापेक्षा कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की इंटरनेटवर मोठ्या आवाजाला किंमतच उरलेली नाही. गाण्याची सरासरी तीव्रता मोजायला लफ्स नावाचं एकक वापरतात. कानाला कुठल्या फ्रीक्वेन्सी जास्त जाणवतात याचा हिशेब त्यात धरलेला असतो. यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या वर गेलेलं गाणं आपोआप खाली आणतं. समजा तुम्ही लिमिटर लावून गाणं उणे ६पर्यंत ठेचलं. यूट्यूबने ते आठ डेसिबल उतरवलं. आता ते शेजारच्या गाण्याएवढंच मोठं वाजतं, फक्त त्यातला हलगीचा ठोका आधीच सपाट होऊन गेलेला आहे. ज्याने आपलं गाणं मुळातच उणे १४च्या आसपास सोडलं, त्याच्या हलगीची टिपरी अजून टोकदार लागते. एवढी एक गोष्ट कळली तरी लातूर किंवा नांदेडच्या स्टुडिओतून निघालेलं गाणं मुंबईच्या गाण्याशेजारी ताठ उभं राहू शकतं. गिऱ्हाइकाला हे पटवणं मात्र वेगळी कला आहे. ‘भाऊ, बेस बसंना’ असं तो म्हणणारच. त्याला त्याच्याच मोबाइलवर दोन्ही गाणी यूट्यूबवरून लागोपाठ ऐकवावी लागतात.

मोठ्या आवाजात मिक्स करणाऱ्याची फसगत कशी होते, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवलं. कमी आवाजात आपल्या कानाला तळ आणि टोक दोन्ही कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की बेस आपोआप भरून येतो. म्हणून कान फाटेस्तोवर स्पीकर लावून मिक्स केलेलं गाणं तिथे झकास वाटतं आणि घरी हळू आवाजात लावलं की पातळ लागतं. बोलण्याच्या आवाजाएवढ्या पातळीवर मिक्स करायचं, अधूनमधून एक मिनिट मोठं करून बघायचं, ही जुन्या लोकांची सवय त्यातूनच आली. दुसरं कारण त्याहून गंभीर. ८५ डेसिबलला आठ तास कान सुरक्षित राहतो असं धरतात आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. डीजेच्या गाडीवर सहा तास उभं राहणाऱ्या पोराने कानात प्लग घातले नाहीत, तर तिशीत त्याला टाळाची वरची झणझण ऐकू येईनाशी होते. मग मिक्सिंग कशाने करणार?

आता खोली. आपल्याकडे स्टुडिओ बहुधा घराच्या माडीवर, दहा बाय दहाच्या खोलीत सुरू होतो. छतही दहा फुटांवर, खाली शहाबादी फरशी. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने याहून वाईट खोली शोधून सापडणार नाही. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकतो आणि घुमतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्ही दिशांना तोच स्वर. त्यात गंमत अशी की खोलीच्या बरोबर मध्यावर हा स्वर जवळपास ऐकूच येत नाही आणि कोपऱ्यात दुप्पट येतो. पोरगा खुर्ची टाकतो मध्यावर. त्याला बेस कमी वाटतो, तो वाढवतो, पुन्हा वाढवतो. गाणं दुसऱ्या कुणाच्या गाडीत वाजलं की काचा थरथरतात. आपल्या भागातल्या अनेक गाण्यांतल्या अवाजवी बेसला आवडीइतकीच ही खोली जबाबदार आहे असा माझा संशय आहे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून यावर काही होत नाही. शंभर हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. भिंतीला टेकवलेल्या कुठल्याही थराने ती नीट शोषायची, तर थराची जाडी तिच्या चौथ्या भागाच्या जवळपास, म्हणजे पाऊण मीटरहून जास्त लागते. दोन सेंटिमीटरचा फोम किंवा भिंतीवर टांगलेली रजई फक्त वरची झणझण शोषते, त्यामुळे खोली उलट अधिक घुमी वाटायला लागते. उपाय दोन. पहिला फुकटचा: चौकोनी खोली टाळून लांबट निवडायची, लांबीच्या दिशेने तोंड करून बसायचं आणि समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं येईल अशी खुर्ची ठेवायची. दुसरा थोड्या पैशांचा: कोपऱ्यांत फरशीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड ठोकळे, वर कापड. रॉकवूल एसी डक्टचं काम करणाऱ्यांकडे मिळतं. नांदेडसारख्या कापसाच्या जिल्ह्यात गादीवाल्याकडून सहा-आठ इंच जाडीच्या घट्ट भरलेल्या गाद्या करून घेणंही जमतं आणि त्या कामही देतात. मात्र कापूस पेटतो, तेव्हा वायरिंग आणि स्विचबोर्ड त्यांच्यापासून लांब हवेत.

विजेचं दुखणं पुस्तकांत क्वचित सापडतं, कारण ती पुस्तकं जिथे लिहिली जातात तिथे ते नसतं. रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते ती बहुतेक ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची, आणि तिचं मूळ बऱ्याचदा अर्थिंगमध्ये असतं. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पट्टीशी तिची पकड सुटते. पावसाळ्यात स्वच्छ असलेला स्टुडिओ एप्रिलमध्ये गुणगुणायला लागतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरून पाणी सोडत राहायची पद्धत जुनी आहे आणि बरोबर आहे. लाईट गेल्यावर चालणारा स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतो, तिची खरखर थेट माईकच्या वाटेत शिरते. इन्व्हर्टर घ्यायचाच तर साईन वेव्हचा घ्यावा. आणि एक कळकळीचं सांगणं: गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन मोडू नका. गुणगुण जाईल, पण ओल्या हाताने माईक धरलेल्या गायकाला झटका बसेल.

यंत्रांचं लवकर आटोपतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एक बरा लॅपटॉप, दोन माईक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, गाण्यासाठी एक साधा टिकाऊ माईक आणि बंद कपांचा हेडफोन. लॅपटॉप सोडला तर यातली प्रत्येक वस्तू साधारण दहा हजारांच्या आगेमागे मिळते. रीपर हे सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट वापरता येतं आणि नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो. चोरीच्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा करायची गरज नाही. मोठे स्पीकर खोली सुधारल्यावर घ्यावेत, आधी घेतले तर खोलीच ऐकू येते.

शिकायचं कुठे? लातुरात हा प्रश्न जरा वेगळ्या रंगाचा आहे. लातूर पॅटर्नने एका पिढीला डॉक्टर-इंजिनिअर केलं आणि त्या गावात अकरावीच्या पोराने दुसरं काही करायचं म्हटलं की घर गप्प होतं. पण पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला पदवीबरोबर बारावीचं भौतिकशास्त्र मागतात. हे लातूर-नांदेडच्या किती घरांत माहीत असेल? अर्ज करायच्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र वाचून घ्यावं, अटी बदलत राहतात. ही संस्था १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. प्रभातच्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत, तेच १९३६च्या ‘संत तुकाराम’चे फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शक. म्हणजे मराठी माणसाच्या हातात ध्वनीचं काम बोलपटाच्या सुरुवातीपासून आहे. ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी २००९ साली ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर घेणारे रसूल पूकुट्टी केरळातल्या वीज नसलेल्या खेड्यात वाढले, भौतिकशास्त्र शिकले आणि एफटीआयआयमधूनच बाहेर पडले. इतकं लांब जायचं नसेल तर जवळचं उदाहरण आहे. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ हा धनगरांच्या भटकंतीवरचा चित्रपट, त्याला २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळाच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. माळरान, वारा, मेंढरं आणि त्यांतून उचललेली माणसांची बोली. असं काम मराठवाड्याच्या कुठल्याही शिवारात करता येण्यासारखं आहे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, माध्यमशास्त्र संकुल आहे. तिथे मिक्सिंग इंजिनिअर घडवले जात नाहीत, पण नाटक, संगीत आणि बातमी यांच्याशी आवाजाचा काय संबंध असतो ते कळतं. शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ नांदेडात भरणाऱ्या संगीत शंकर दरबारात मोठे गायक-वादक येतात. त्या मैफिलीत गाणं तर ऐकावंच, शिवाय मुख्य मिक्सरमागे उभं राहून तानपुरा किती ठेवलाय आणि तबल्याच्या डग्ग्याला कुठे कापलंय हेही बघावं. साऊंडवाल्यांना बघणाऱ्यांची सवय असते, मध्ये बोललं नाही तर ते हाकलत नाहीत.

तरीही एकदा देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस पकडून मुंबई-पुण्याच्या चांगल्या स्टुडिओत काही महिने मदतनीस म्हणून काढावेत, या मताचा मी आहे. तारा गुंडाळाव्या लागतील, चहा आणावा लागेल, पैसे जेमतेम मिळतील. पण नीट बांधलेल्या खोलीत आवाज कसा ऐकू येतो हे एकदा कानात बसलं की घरच्या खोलीचा खोटेपणा ओळखता येतो, आणि ते यूट्यूबवरच्या धड्यांतून मिळत नाही. मुंबईच्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओत दमन सूद, अविनाश ओक यांच्या पिढीने हाताखाली माणसं तयार केली ती अशाच शेजारी बसून ऐकण्यातून. परत आलंच पाहिजे असं नाही. पण परत येणाऱ्याला इथे स्पर्धा कमी आहे.

काम कुठे आहे ते आता बघू. माहूरच्या रेणुकामातेची आराधी गाणी, संबळाचे गोंधळ, भीमगीतं, पोवाडे यांचा बाजार कॅसेटच्या काळात मोठा होता. तो आता यूट्यूबवर गेला आहे आणि तिथल्या रेकॉर्डिंगचा दर्जा बघितला तर सुधारायला भरपूर वाव आहे. संबळ हे मिक्सिंगची परीक्षा घेणारं वाद्य आहे. सरासरी पातळी कमी आणि ठोका मात्र प्रचंड, त्यामुळे माईकची पातळी किमान दहा-बारा डेसिबलची जागा मोकळी सोडून ठेवावी लागते, नाहीतर ठोके फाटतात. नांदेडात तख्त सचखंड श्री हुजूर साहिबला रोज कीर्तन चालतं, तिथे संगमरवराचे प्रतिध्वनी सांभाळून शब्द-कीर्तन दूरवर पोचवणं हे वेगळंच कसब. माळेगावच्या खंडोबा यात्रेत तमाशा आणि लावणीचे फड उभे राहतात. सप्ताह आणि कथांचे मंडप तर आता फुटबॉलच्या मैदानाएवढे होतात.

या लांब मंडपांसाठी एक हिशेब. आवाज उकाड्यात सेकंदाला साधारण ३५० मीटर चालतो. साठ मीटरवरच्या माणसाला त्याच्या शेजारचा स्पीकर लगेच ऐकू येतो आणि व्यासपीठाचा आवाज १७० मिलिसेकंदांनी मागाहून येऊन त्यावर आदळतो. म्हणून मागचा स्पीकर तेवढाच उशिरा वाजवायचा असतो. डिजिटल मिक्सरवर हा डिले आकडा टाकून लावता येतो. उशीर थोडासा जास्तच ठेवला तर मागच्या माणसाला आवाज व्यासपीठावरूनच येतोय असं वाटतं. हा परिणाम हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ साली मांडला. हिवाळ्याच्या वीस अंशांत लावलेला डिले मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत सात-एक मिलिसेकंदांनी चुकतो. कुणाच्या कानाला ते टोचणार नाही, पण हिशेब ठेवणाऱ्याला माहीत असावं.

सगळ्यांत दुर्लक्षित गिऱ्हाईक लातूरचे कोचिंग क्लास. त्यांचे व्हिडिओ तास बघा: फळा लख्ख दिसतो आणि सरांचा आवाज विहिरीतून येतो. टाइल्सची खोली, कूलर, कॅमेऱ्यावरचाच माईक. एक कॉलर माईक, मागच्या भिंतीला दोन गाद्या आणि प्रत्येक तासाला अर्ध्या तासाचं ध्वनिसंपादन, एवढ्यावर बारमाही उत्पन्न मिळू शकतं. यात नाव होत नाही, गाणं बनवल्याचा आनंदही नाही. पण लग्नसराई संपली की गणपती येईपर्यंत साऊंडवाला मोकळा असतो, आणि क्लास नेमके तेव्हाच भरात असतात.

दुसरं घरबसल्याचं काम बोलत्या पुस्तकांचं. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं तेव्हा मराठीपासूनच मोठी सुरुवात झाली. अशा कामांत अटी आकड्यांत येतात. ऑडिबलच्या निर्मितीसाठीच्या अटींत आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, सर्वोच्च टोक उणे ३च्या खाली आणि शांततेतला गोंगाट उणे ६०च्या खाली लागतो. उणे ६० गाठायचं म्हणजे कूलर बंद, पंखा बंद, फ्रिज बंद. मे महिन्याच्या लातुरात हे काम पहाटे चार ते सातमध्येच होतं.

राहता राहिला हक्कांचा भाग, ज्याकडे आमच्याकडचे लोक भांडण झाल्यावरच बघतात. भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता त्याचा निर्माता मानला जातो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, आणि हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. मिक्सिंग करणाऱ्याला यात आपोआप काही मिळत नाही. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असं केलं, गायकांच्या बाजूनेही तरतूद आली. तुम्ही चाल किंवा संगीत संयोजन केलं असेल तर ते मिक्सिंगपासून वेगळं लिहून घ्या, आणि रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या. आराधी गाणी परंपरेची असतात, चाल कुणा एकाची नसते. तरी एखादी कंपनी आपल्या रेकॉर्डिंगवर यूट्यूबवर दावा नोंदवते आणि दुसऱ्याच बाईने गायलेलं तेच गाणं खाली येतं. अशा वेळी मूळ मल्टिट्रॅक फाइली तुमच्याकडे असतील, तर गायिकेला आपलं रेकॉर्डिंग आपलंच आहे हे दाखवता येतं. म्हणून त्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि प्रत्येक कामाआधी साध्या कागदावर गाण्याचं नाव, तारीख, रक्कम, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल आणि आगाऊ किती घेतले एवढं लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या, तो तुमचा आत्येभाऊ असला तरी.